इंधनाचे मूळ आणि कूळ

‘नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये’ अशी एक जुनी म्हण आहे. नदी तहान भागवते, ऋषी ज्ञान देतो. एवढे पुरे असता त्यांच्या जन्माची विचारपूस कशाला, असा त्या म्हणीचा भाव. तो उदार आहे, आणि नदीच्या व ऋषीच्या बाबतीत शोभूनही दिसतो. परंतु हीच उदारता इंधनाच्या बाबतीत दाखवली, तर मनुष्य फसतो. चुलीत जळणारे लाकूड कोणत्या रानातून आले, गिरणी चालवणारी वीज कशापासून निघाली, मोटारीच्या टाकीत भरलेला वायू कोणत्या रीतीने तयार झाला, हे विचारल्याखेरीज इंधन चांगले की वाईट याचा निर्णय होऊ शकत नाही. ज्योत निळी असो वा पिवळी, ती आपल्या कुळाविषयी काही बोलत नाही.

आजकाल दोन नावे वारंवार कानांवर पडतात. एक भूऔष्णिक वीज आणि दुसरे हायड्रोजन. पहिली पृथ्वीच्या पोटातील उष्णतेपासून मिळते. दुसरा पाण्यातून काढता येतो. दोन्ही स्वच्छ आहेत, दोन्ही अक्षय आहेत, असे सांगितले जाते. हे सांगणे कितपत खरे आहे हे पाहावयाचे, तर प्रत्येकाला तीन प्रश्न विचारले पाहिजेत: ते कोठून आले? ते हाती येईपर्यंत काय खर्ची पडले? आणि त्याच्या मागे काय उरले?

पृथ्वीच्या पोटात उष्णता आहे, हे खाणीत उतरणाऱ्या मजुराला पुस्तकावाचून ठाऊक असते. कर्नाटकातील कोलार येथील सोन्याच्या खाणी 2001 साली बंद झाल्या, तेव्हा त्या 3 किलोमीटरहून अधिक खोल गेलेल्या होत्या. त्यांच्या तळाशी खडक इतके तापलेले असत, की वरून थंड हवा सोडल्याखेरीज तेथे काम करणे अशक्य होई. सर्वसाधारणपणे जमिनीखाली एक किलोमीटर उतरले, की तापमान 25 ते 30 अंश सेल्सिअसने वाढते. या उष्णतेचा काही भाग पृथ्वी घडली त्या काळापासून तिच्या पोटात साठलेला आहे. उरलेला युरेनियम, थोरियम व पोटॅशियम यांच्यातील किरणोत्सारी अणू हळूहळू विघटित होत असताना निर्माण होतो. सूर्य मावळला, वारा पडला, पाऊस हुकला, तरी या उष्णतेत खंड पडत नाही. हा तिचा मोठा गुण होय.

परंतु ही उष्णता सर्वत्र विखुरलेली आणि बहुधा फार खोल असते. ती वर आणावयाची, तर तीन गोष्टींचा मेळ जमावा लागतो. पुरेसा तापलेला खडक फार खोल नसावा. त्या खडकात पाणी असावे. आणि पाण्याला हिंडण्याफिरण्यास भेगांची वाट असावी. हा मेळ थोडाबहुत जमतो तेथे उष्ण पाण्याचे झरे आढळतात. मराठीत अशा झऱ्याला ‘उन्हाळे’ हा सुंदर शब्द आहे. राजापूरजवळील उन्हाळे, दापोलीकडील उन्हवरे, पालीजवळील उन्हेरे, या गावांची नावेच त्यांच्या झऱ्यांवरून पडली आहेत. वज्रेश्वरी व गणेशपुरी येथील कुंडे तर प्रसिद्धच आहेत. कोकणात आज एकही जागृत ज्वालामुखी नाही. तेथे पावसाचे पाणी भेगांतून खोल मुरते, खालच्या तप्त खडकाशी त्याचा स्पर्श होतो आणि ते तापून दुसऱ्या वाटेने वर येते. हिमाचल प्रदेशातील मणिकरण येथे झऱ्याचे पाणी इतके कढत असते, की त्यात भांडे ठेवून भात शिजवतात. भात शिजवू शकणारी उष्णता यंत्र का चालवू शकणार नाही, हा विचार मनात येणे स्वाभाविक आहे.

तो विचार प्रथम प्रत्यक्षात आला इटलीमध्ये. त्या देशाच्या टस्कनी प्रांतात लार्डेरेल्लो नावाचे गाव आहे. तेथील भूमीतून वाफेचे लोट सतत निघत, पाणी खदखदत असे आणि गंधकाचा उग्र वास पसरे. लोक त्या प्रदेशाला सैतानाची दरी म्हणत. एकोणिसाव्या शतकात फ्रान्स्वा द लार्देरेल या फ्रेंच उद्योजकाने तेथील पाण्यातून बोरिक आम्ल काढण्याचा उद्योग सुरू केला. पाणी आटवण्यासाठी लाकूड जाळावे लागे आणि त्यापायी आसपासची राने ओसाड होऊ लागली. तेव्हा लाकडाऐवजी जमिनीतून येणारी वाफच वापरावी, ही युक्ती त्याने अमलात आणली. पुढे 1904 साली पिएरो जिनोरी कॉन्ती या सरदाराने त्याच वाफेवर एक लहानसे इंजिन चालवून पाच विजेचे दिवे लावले. अवघे पाच दिवे! परंतु भूमीच्या उष्णतेवर लागलेले ते पहिले विद्युद्दीप होते. 1913 साली तेथे 250 किलोवॅट शक्तीचे वीजकेंद्र उभे राहिले, आणि सैतानाच्या दरीत आजही वीज तयार होते.

अशा वीजकेंद्राची रचना समजण्यास कठीण नाही. कोळशाच्या वीजकेंद्रात बॉयलरमध्ये पाणी उकळून वाफ करतात; येथे तो बॉयलर म्हणजे जमिनीखालील तप्त खडक. एक-दोन किलोमीटर किंवा त्याहून खोल विहीर खणून वाफेला वर येण्यास वाट करून देतात. वाफ कोरडी असेल, तर ती सरळ टर्बाइनमध्ये सोडतात. टर्बाइन म्हणजे वाफेच्या झोताने गरगर फिरणारे पात्यांचे चक्र. त्याच्याशी जोडलेले जनित्र फिरले, की वीज तयार होते. बहुतेक ठिकाणी मात्र वाफेबरोबर पाणीही येते. हे पाणी खोलवर प्रचंड दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांच्या वर तापूनही द्रवरूपच राहते. वर येताना दाब कमी झाला, की त्याचा काही भाग एकाएकी वाफ होतो. ती वाफ वेगळी काढून टर्बाइनकडे धाडतात. पाणी त्याहून कमी तापलेले असेल, तर तिसरी रीत वापरतात. थोड्या उष्णतेने उकळणारा दुसरा एखादा द्रव नळ्यांतून खेळवतात. गरम पाणी आपली उष्णता त्या द्रवाला देते आणि त्या द्रवाची वाफ टर्बाइन फिरवते. या तिसऱ्या रीतीमुळे, जेथे वाफेचे लोट निघत नाहीत अशा प्रदेशांनाही थोडी आशा धरता येते.

भूमीच्या उष्णतेचा उपयोग केवळ विजेसाठीच होतो असे नाही. अटलांटिक महासागराच्या उत्तरेस आइसलँड नावाचे बेट आहे. पृथ्वीच्या कवचाचे दोन प्रचंड तुकडे तेथे एकमेकांपासून दूर सरकत असल्यामुळे त्या बेटाखाली तप्त खडक फार खोल नाही. त्याच्या राजधानीचे नाव रेक्याविक. त्याचा अर्थ ‘धुराची खाडी’. नवव्या शतकात आलेल्या पहिल्या वसाहतवाल्यांना जो धूर वाटला, तो वस्तुतः झऱ्यांची वाफ होती, असे सांगतात. कित्येक पिढ्या त्या नगरातील स्त्रिया कपड्यांची ओझी घेऊन सुमारे 3 किलोमीटर चालत उष्ण झऱ्यांवर धुण्यासाठी जात. थंडीवाऱ्यातील ही पायपीट खडतर होती. नगरात मात्र घरे उबदार ठेवण्यासाठी परदेशाहून आणलेला कोळसा जळत असे आणि आकाश काळवंडून जाई. अखेर झऱ्यांच्या परिसरात विहिरी खणून 1930 साली तेथील गरम पाणी नळाने नगरात आणण्यात आले. त्या पाण्याने प्रथम ज्या इमारती उबदार झाल्या, त्यांमध्ये मुलांची एक प्राथमिक शाळा होती. स्त्रिया झऱ्याकडे जात होत्या. आता झरा मुलांच्या वर्गापर्यंत चालत आला. 1973 साली जगात खनिज तेलाचे भाव कडाडले, त्यानंतर त्या देशाने या कामास अधिक वेग दिला. आज तेथील दहांपैकी सुमारे नऊ घरे भूमीच्या उष्णतेने उबदार राहतात, आणि देशाच्या विजेपैकी सुमारे तीन-दशांश वीज त्याच उष्णतेपासून निघते.

आता दुसरा व तिसरा प्रश्न विचारला पाहिजे. पृथ्वीचे हे दान खरोखर फुकट आहे काय? न्यूझीलंड देशातील वैराकेई येथे 1958 साली मोठे भूऔष्णिक वीजकेंद्र सुरू झाले. जमिनीखालून गरम पाणी भराभर उपसण्यात आले, आणि काही वर्षांतच शेजारच्या खोऱ्यातील उसळणारी नैसर्गिक कारंजी शांत झाली. कित्येक ठिकाणी जमीनही खचली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ‘द गीझर्स’ या क्षेत्रात 1960 साली वीजनिर्मितीस प्रारंभ झाला. तेथेही पुढे वाफेचा दाब उतरू लागला, कारण खडक तप्त असला तरी त्यातील पाणी संपत चालले होते. यावर उपाय असा काढण्यात आला, की 1997 पासून जवळच्या गावांचे शुद्ध केलेले सांडपाणी नळाने आणून खडकात सोडावयाचे. जे पाणी गावांना नकोसे झाले होते, तेच भूमीत जाऊन पुन्हा वाफ होऊ लागले.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. भूमीची उष्णता अफाट आहे, परंतु तिच्याकडून एका वेळी किती घ्यावे याला मर्यादा आहे. आणि घेतलेले पाणी तिला परत देणे हे त्या व्यवहाराचे अंग आहे. ज्या शेतात पीक घेतो त्या शेताला खत घालावे, हे कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. वीज काढणाऱ्यालाही तोच नियम लागू आहे. खालून येणाऱ्या वाफेबरोबर गंधकयुक्त वायू आणि थोडा कार्बन डायऑक्साइडही वर येतो. आइसलँडमधील हेल्लिशेइदी वीजकेंद्रात हे वायू पाण्यात विरघळवून परत काळ्या खडकात सोडण्याचा प्रयोग 2012 साली करण्यात आला. दोन वर्षांच्या आत त्यांतील बहुतेक कार्बन डायऑक्साइडचे खडकातच दगडात रूपांतर झाल्याचे आढळले. तो खडक बेसॉल्ट, म्हणजे सह्याद्री ज्या काळ्या पाषाणाचा बनला आहे त्याच जातीचा. आपला कचरा आपणच आवरणारे इंधन दुर्मीळ असते. म्हणूनच, नीट सांभाळलेल्या भूऔष्णिक विजेचे कूळ चांगले आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

हायड्रोजनची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. 1766 साली इंग्लंडमधील हेन्री कॅव्हेंडिश याने या वायूचा पद्धतशीर अभ्यास केला. तो त्याला ‘ज्वलनशील हवा’ म्हणे. ही हवा जळाली म्हणजे पाणी तयार होते, असे पुढे दिसून आले. त्यावरून लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्या वायूला ‘पाणी निर्माण करणारा’ या अर्थाचे हायड्रोजन हे नाव दिले. जुन्या मराठी पुस्तकांत त्याला ‘उद्‌जन’ म्हणत. त्याचाही अर्थ तोच. कोळसा जळला की कार्बन डायऑक्साइड आणि राख उरते. हायड्रोजन जळला की पाणी उरते. एवढ्यावरून त्याला आदर्श इंधन म्हणण्याचा मोह कोणालाही होईल.

परंतु येथे पहिला प्रश्न आडवा येतो. हा वायू आणावयाचा कोठून? विश्वात हायड्रोजन विपुल आहे; पृथ्वीवर मात्र काही विरळ ठिकाणे सोडली, तर तो मोकळा सापडत नाही. तो पाण्यात ऑक्सिजनशी आणि नैसर्गिक वायूत कार्बनशी घट्ट बांधलेला असतो. ही गाठ सोडवावयास शक्ती खर्चावी लागते. 1800 साली लंडनमध्ये निकल्सन आणि कार्लाइल या दोघांनी नव्यानेच शोधलेल्या विद्युत्‌घटाची दोन टोके पाण्यात बुडवली, तेव्हा पाण्यातून हायड्रोजन व ऑक्सिजन हे वायू बुडबुड्यांच्या रूपाने सुटू लागले. यालाच विद्युत अपघटन म्हणतात. आजचे मोठे कारखानेही हेच तत्त्व वापरतात. 9 किलो पाण्यातून 1 किलो हायड्रोजन आणि 8 किलो ऑक्सिजन मिळतो, आणि त्यासाठी साधारणतः 50 ते 55 युनिट वीज लागते.

आता हाच एक किलो हायड्रोजन इंधन-घटात घालून त्याची पुन्हा वीज केली, तर किती युनिट परत मिळतात? सुमारे 15 ते 20. राहिलेली शक्ती वाटेत उष्णतेच्या रूपाने निसटून जाते; शिवाय तो अत्यंत हलका वायू दाबून साठवण्यास आणि वाहून नेण्यास आणखी खर्च येतो तो वेगळाच. म्हणजे पन्नास रुपये उसने देऊन पंधरा-वीस परत घेण्यासारखा हा व्यवहार झाला. यात हायड्रोजनचा दोष नाही. कणगी धान्य साठवते, पिकवत नाही. आणि साठवलेल्या धान्यातले काही उंदीर-घुशी खातातच. हायड्रोजन ही शक्तीची कणगी आहे, तिचे शेत नव्हे. कणगीत काय आहे हे पाहावयाचे, तर तिच्यात कोणत्या शेतातले धान्य भरले ते विचारावे लागते.

हा विचार नवा नाही. जे. बी. एस. हाल्डेन हे थोर शास्त्रज्ञ 1961 साली भारताचे नागरिक झाले आणि 1964 साली भुवनेश्वर येथे निवर्तले. त्यांनी 1923 साली केंब्रिज येथे दिलेल्या व्याख्यानात एक कल्पना मांडली होती. वारा जोराने वाहत असेल तेव्हा पवनचक्क्यांची अधिक वीज पाण्याचे अपघटन करण्यास वापरावी, निघालेला हायड्रोजन साठवावा आणि वारा पडला म्हणजे तो उपयोगात आणावा, अशी ती कल्पना होती. कणगीचे खरे काम त्यांनी अचूक ओळखले होते: सुगीत भरावी आणि अडीअडचणीला उघडावी.

दुर्दैवाने जगातील बहुतेक हायड्रोजन आज वाऱ्यापासून, सूर्यापासून किंवा भूमीच्या उष्णतेपासून तयार होत नाही. तो नैसर्गिक वायू आणि कोळसा यांपासून काढला जातो. नैसर्गिक वायू आणि पाण्याची अतितप्त वाफ निकेलच्या उत्प्रेरकावरून नेली, की हायड्रोजन सुटतो आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड मागे राहतो. अशा रीतीने 1 किलो हायड्रोजन तयार करताना सुमारे 9 ते 10 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. या हायड्रोजनला व्यवहारात ‘करडा’ म्हणतात. सूर्य, वारा इत्यादींच्या विजेने पाण्यातून काढलेल्याला ‘हिरवा’. वायू मुळात बिनरंगी आहे. हे रंग त्याच्या कुळाचे आहेत. करड्या हायड्रोजनवर चालणारी मोटार नगरातून जाताना मागे केवळ पाण्याची वाफ सोडते, आणि पाहणारा म्हणतो, ‘किती स्वच्छ!’ परंतु तिचा धूर दूरच्या कारखान्यात आधीच निघून गेलेला असतो. घरातला केर शेजाऱ्याच्या अंगणात लोटून स्वतःच्या ओसरीचे कौतुक करावे, तसाच हा प्रकार.

मग हायड्रोजन नकोच काय? असे म्हणणेही योग्य होणार नाही. काही कामे अशी आहेत, की ती विजेच्या तारेने होत नाहीत. शेतीला लागणारे नत्रयुक्त खत अमोनियापासून होते, आणि अमोनिया हायड्रोजन व नायट्रोजन यांच्या संयोगाने तयार होतो. जगातील कोट्यवधी लोकांच्या पानातील भाकरी आज या हायड्रोजनवर अवलंबून आहे. लोखंडाच्या दगडातून लोखंड काढण्यासाठी भट्टीत कोळसा वापरतात. त्याऐवजी हायड्रोजन वापरला, तर कार्बन डायऑक्साइडऐवजी पाण्याची वाफ निघते. स्वीडनमध्ये 2021 साली अशा रीतीने तयार केलेले पहिले पोलाद बाहेर पडले. खत, पोलाद आणि महासागरावरील मोठी जहाजे, ही हायड्रोजनची खरी कार्यक्षेत्रे होत.

याउलट जेथे तार पोहोचते, तेथे वीज सरळ वापरणेच शहाणपणाचे. आइसलँडचाच अनुभव येथे बोलका आहे. रेक्याविक येथे 2003 साली हायड्रोजन भरण्याचे केंद्र उघडण्यात आले. तेथेच त्या देशाच्या स्वच्छ विजेने पाण्यातून हायड्रोजन काढला जाई आणि त्यावर तीन बसगाड्या काही वर्षे नगरातून धावल्या. त्या हायड्रोजनचे कूळ निर्दोष होते. धबधबे आणि भूमीची उष्णता हीच त्याची जननी. तरीही नंतरच्या काळात लोकांनी आपल्या लहान मोटारींसाठी विजेवर भरणारी बॅटरीच अधिक पसंत केली, कारण त्याच विजेत बॅटरीची मोटार पुष्कळ दूर जाते. चांगल्या कुळाच्या वस्तूचीही उधळपट्टी करू नये, हा धडा त्यातून मिळतो.

भारताला हा मार्ग अपरिचित नाही. सतलज नदीवरील भाक्रा धरणाच्या विजेचा मोठा भाग पंजाबातील नांगल येथील खतकारखान्याला दिला जाई. 1961 साली सुरू झालेल्या त्या कारखान्यात विजेने पाण्याचे अपघटन करून हायड्रोजन काढीत, आणि त्यापासून खत बनवीत. नदीच्या पाण्याने वीज दिली, विजेने पाण्यातून वायू दिला आणि वायूने शेताला खत दिले. ‘हिरवा हायड्रोजन’ हे नाव रूढ होण्याच्या कितीतरी आधी ते काम तेथे घडत होते. पुढे तेल आणि नैसर्गिक वायू यांपासून हायड्रोजन काढणे स्वस्त पडू लागले आणि ती वाट मागे पडली.

येथेच विरोधी पक्षाचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. ते म्हणतात, की गरीब देशाला स्वस्त खत हवे, स्वस्त पोलाद हवे. कुळाची चौकशी श्रीमंतांनी करावी. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. खताची किंमत वाढली तर तिची झळ प्रथम लहान शेतकऱ्यालाच लागते. तथापि, स्वस्त कशाला म्हणावे याचाही विचार झाला पाहिजे. जी वस्तू आज थोड्या पैशांत मिळते, परंतु जिच्यामुळे हवेत साठलेला कार्बन डायऑक्साइड उद्या पाऊस बेभरवशाचा करतो, तिची उरलेली किंमत त्याच शेतकऱ्याला पुढच्या हंगामात चुकवावी लागते. दुकानदाराच्या वहीत नाव लिहून आणलेला माल फुकट असतो असे कोणी म्हणत नाही. शिवाय नैसर्गिक वायूचा मोठा हिस्सा भारत परदेशातून आणतो; ऊन, वारा, पाणी आणि भूमीची उष्णता ही मात्र घरची संपत्ती आहे. बदल एका रात्रीत होणार नाही, आणि त्याचा भार लहान माणसावर टाकून तो करूही नये. परंतु दिशा कोणती, याविषयी संदेह नसावा.

या दिशेने काही पावले पडली आहेत. जानेवारी 2023 मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मान्यता दिली. त्यासाठी 19,744 कोटी रुपयांची तरतूद ठरवून 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन हिरवा हायड्रोजन तयार करण्याची क्षमता उभारण्याचे ध्येय ठेवले. लडाखमध्ये समुद्रसपाटीपासून सुमारे 4,400 मीटर उंचीवर पुगा नावाचे खोरे आहे. तेथे बर्फाळ प्रदेशात उकळत्या पाण्याचे झरे वाहतात. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकापासून भूगर्भशास्त्रज्ञ त्या खोऱ्याचा अभ्यास करीत आले आहेत, आणि तेथे 1 मेगावॅटचे छोटे भूऔष्णिक केंद्र उभारण्यासाठी 2021 साली करार झाला. लडाखचा हिवाळा किती कठोर असतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या खोऱ्यातील उष्णतेचे मोल वेगळे सांगावयास नको. तेथील शाळा व घरे रॉकेल किंवा डिझेल न जाळता उबदार राहिली, तर तो त्या उष्णतेचा सर्वांत सुंदर उपयोग ठरेल. मात्र पुग्याचे खोरे गवताळ कुरणांचे आहे, तेथे भटके पशुपालक आपली जनावरे चारतात. उपसलेले क्षारयुक्त पाणी ओढ्यात न सोडता पुन्हा खोल खडकातच पोहोचवणे, ही तेथील कामाची पहिली अट असली पाहिजे.

जी मुले आज अकरा-बारा वर्षांची आहेत, ती 2050 साली देशाचा कारभार पाहत असतील. कोणी अभियंता असेल, कोणी शेतकरी, कोणी ग्रामपंचायतीचा सरपंच. त्यांच्यापुढे एखादा विक्रेता येईल आणि म्हणेल, ‘हे इंधन घ्या, यातून धूर निघत नाही.’ त्या वेळी त्यांनी मान डोलावण्याची घाई करू नये. ते कोठून आले, वाटेत किती खर्ची पडले आणि मागे काय उरले, हे शांतपणे विचारावे. उत्तर आकड्यांत मागावे आणि आकडे स्वतः पडताळून पाहावेत. असा प्रश्न विचारण्यास फार मोठी विद्या लागत नाही; वर्गात शिकलेले गणित आणि थोडे धैर्य पुरते. ज्या गावातील माणसे हे विचारू लागतील, त्या गावाला करड्या वायूचा हिरवा म्हणून सौदा करणे कोणालाही सोपे जाणार नाही.